लाल दगडाखालची केबल

१६ मार्च १९७२, गुरुवार. पाडवा.

सकाळीच भलतं झालं. शेजारच्या गेनूभाऊने गुढी उभी करायला घेतली. यंदा कळक नवा, लांब. मी ओट्यावरून ओरडलो, "गेनूभाऊ, वर तारा आहेत, बेतानं." तो म्हणाला, "दरसाल उभी करतोय, नाना." तेवढ्यात गुढीचा तांब्या माझ्या घरच्या वीजलायनीच्या दोन्ही तारांना एकदम टेकला. फाडकन आवाज, निळा लोळ, खण पेटला. खांबावरचा फ्यूज उडाला. कळक वाळलेला होता म्हणून गेनूभाऊ वाचला आणि त्याची पोरगी कुसुमही, ती खालून धरून होती. ओला असता तर...

म्हातारी, म्हणजे गेनूभाऊची आई, जळका खण हातात घेऊन अंगणातच बसली. "वरसाच्या पयल्या दिशी गुढी जळाली. तुज्या तारंनं." मी सांगायला गेलो की दोष तारेचा नाही, कळकाच्या लांबीचा आहे. तारांची उंची नियमात आहे. कुणी ऐकून घेईना. शेवटी गेनूभाऊ एवढंच बोलला, "नाना, आमच्या घरात दिवा न्हाई. कंदीलच हाय. पर तार आमच्याच डोक्यावर."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसणं मला सोसत नाही.

१८ मार्च, शनिवार.

दोन दिवस दुकानात डोकं चालेना. दुरुस्तीला आलेल्या एका विजेच्या मोटारीचं वाइंडिंग उलटं भरलं, पुन्हा सोडवलं. असं माझ्या हातून होत नाही.

विचार पक्का. खांब गल्लीच्या तोंडाशी, माझं घर आत, मध्ये गेनूभाऊचं अंगण. तार वरून न्यायची तर त्याच्याच डोक्यावरून. तर मग वरून न्यायचीच नाही. जमिनीखालून न्यायची. लष्कराच्या कॅम्पात साहेबलोकांच्या बंगल्यांवर कुठे तार दिसते? सगळं खालून. भिंगारात खासगी घराला कुणी असं केलेलं ऐकिवात नाही. मग पहिला मी.

सौ. म्हणाली, "कळक आखूड घ्या म्हणावं त्यांना." तिला प्रश्नच कळलेला नाही.

वायरिंगच्या इंग्रजी पुस्तकातलं केबलीचं प्रकरण डिक्शनरी घेऊन वाचून काढलं. सातवी शिकलेल्या माणसाला जेवढं कळायला हवं त्याच्यापेक्षा जास्त कळलं. खोली अडीच फूट. खाली वाळू, वर वाळू, त्यावर विटा. ज्यांनी कॉलेजात शिकून परीक्षा दिल्या त्यांना तरी याहून निराळं काय सांगितलं असेल?

८ एप्रिल, शनिवार.

कॅम्पातल्या लिलावात केबल मिळाली. आर्मर्ड, वरचं पोलादी वेटोळं कुठे दबलेलं नाही. इन्सुलेशन तिथेच तपासलं. लिलाववाला हसला, "शेट, लग्नाला पोरगी बघताय का काय?" हसू दे.

मुख्य गोष्ट: एकसंध तुकडा. खांबापासून माझ्या मीटरपर्यंत सरळ रेषेत बरोबर पुरतो, वर हातभर उरतो. म्हणजे जमिनीत सांधा नाही. सांधा म्हणजे घरात भिंतीला पाडलेली खिडकी. आज ना उद्या पाणी शिरायचंच.

१६ एप्रिल, रविवार.

गेनूभाऊची परवानगी घ्यायला गेलो. बसायला घोंगडी टाकली, चहा झाला. मग मी नकाशा उलगडला. त्याने नकाशाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत राहिला.

म्हातारी आतून: "परवापासून धोंड्याचा म्हैना लागलाय. ह्या म्हैन्यात कुनी खांदतं का?"

मी म्हटलं, "आई, विजेला महिना कळत नाही."

"विजेला न्हाई कळत. मातीला कळतो."

गेनूभाऊ कॅम्पात माळी. माती त्याच्या पोटापाण्याची. त्याने विचारलं, "किती खाली जानार?" सांगितलं, अडीच फूट. "पुन्हा आमच्या अंगनात कुनाच्या जिवाला धोका?" मी म्हणालो, "गेनूभाऊ, माझा शब्द आहे. तू अंगणात नांगर घाल. लागणार नाही."

"मग खांद," म्हणाला. कागद नको, सही नको. मी सहीसाठी शाईचं पेन नेलं होतं, तसंच खिशात परत आणलं.

२३ एप्रिल, रविवार.

चर सुरू. दोरी बांधून, चुन्याची रेघ मारून. गेनूभाऊ न बोलावता पहार घेऊन आला. मी म्हटलं, "तू कशाला, मी माणूस लावलाय." तो म्हणाला, "मानसाला अंगन माझं हाय ते म्हाइत न्हाई."

त्याची पहार बघण्यासारखी. मारत नाही, उभी धरून सोडतो, तिच्याच वजनाने आत जाते. कोरडी जमीन, मुरूम घट्ट, तरी माझ्या माणसाच्या दुप्पट खणलं. चराच्या भिंती ओळंब्याला लावून बघितल्या. दोन ठिकाणी तिरक्या होत्या, छाटून घ्यायला सांगितल्या. गेनूभाऊ हसला. "नाना, हितं कुनाला मूठमाती द्यायची न्हाई, वायर पुरायचीय."

सौ.ने दोघांना भाकरी-पिठलं दिलं. पाडव्यापासून त्यांच्याकडचं येणंजाणं थांबलं होतं. आज कुसुम येऊन ताक घेऊन गेली.

३० एप्रिल, रविवार.

खडक.

त्यांच्या तुळशीजवळ, बरोबर रेघेवर. वर हातभरही माती नाही. खाली काळा पाषाण, पहार मारली की ठिणगी. गेनूभाऊ आज त्याच्या साडूकडे गेला आहे. माझा माणूस घाम पुसत म्हणाला, "नाना, ह्ये माझं काम न्हाई. वडार आना."

तीन वाटा.
फोडायचा, तर सुरुंग वस्तीत चालत नाही. छिन्नी-घणाने दिवसच्या दिवस.
वळसा घालायचा, तर केबल पुरत नाही.
वळसा घालून सांधा द्यायचा. नाही. मी जमिनीत सांधा देणार नाही.

४ मे, गुरुवार.

वीज कचेरीने लाइन जोडायला शनिवार दिला आहे. तो चुकला तर पुन्हा पावसाळ्यानंतर. वडार दोन ठिकाणी विचारले. दोन्हीकडची माणसं बाहेरगावी, खडी फोडायच्या कामावर.

आज केबल टाकली. सगळीकडे अडीच फूट, दोरीने मापून. फक्त खडकावर फुटाच्या आतच. तिथे वाळू जास्त घातली, विटांचा थर दुहेरी, त्यावर शहाबादी फरशी. पुस्तकात ही सोय आहे: खोली मिळत नसेल तर वरून संरक्षण वाढवावं. तेव्हा चूक म्हणता येणार नाही. शिवाय तात्पुरतं. पाऊस पडून गेला की वडार आणून खडक फोडून घेणार, केबल खाली दाबणार.

गेनूभाऊ ड्युटीवर होता. परत आला तेव्हा तेवढा भाग बुजवून झाला होता.

सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "मग त्यांना पण सांगा."
म्हटलं, "फोडल्यावर सांगायचं काय उरतं?"
तिने भांडी जरा जोरात ठेवली.

६ मे, शनिवार.

लाइन चालू! साडेअकरा.

कचेरीचे ओव्हरसियर आले, खांबाशी आणि मीटरशी चर उघडा होता तिथे काठी घालून खोली बघितली. "सगळं असंच?" गेनूभाऊ शेजारीच उभा. मी म्हणालो, "माझं काम आहे, साहेब." हे काही उत्तर नव्हे. पण ते सही करून गेले.

लाइनमन कासमभाईने जुन्या तारा उतरवल्या, गुंडाळून माझ्या हातात दिल्या. "लो नाना, तुमचं आभाळ तुम्हाला परत." म्हातारी अंगणात येऊन मान वर करून बघत राहिली. बराच वेळ. म्हणाली, "केवढं मोकळं झालं रं." मग खांबाशी केबल जमिनीत शिरते तिथे वाकून बघितलं. "आन ह्यो काळा नाग गेला व्हय आमच्या अंगनातून?"
"नागच म्हणा, आई. डिवचला नाही तर काही करत नाही."

भिंतीवरची जुन्या तारांची ब्रॅकेट काढायची राहिली आहे.

७ मे, रविवार.

खुणेचे दगड बसवले. कॅम्पातही केबलीवर खुणा असतात. रेघेवर छोटे. खडकावर मुद्दाम मोठा, त्याच खडकाचा निघालेला कपचा, वरून गोलसर, उभा गाडला. सर्वांना लाल ऑइलपेंट दिला, दोन हात. लाल म्हणजे धोका, हे पोरालाही कळतं.

१४ ऑगस्ट, सोमवार. नागपंचमी.

पाऊस नाही. नळाला दिवसाआड पाणी, तेही करंगळीएवढं.

दुकानातून जेवायला आलो तर तुळशीजवळच्या माझ्या दगडाला हळदकुंकू, समोर लाह्या, द्रोणात दूध. म्हातारी हात जोडून. मी म्हटलं, "आई, ही खूण आहे. देव नाही."

"तूच म्हन्लास ना नाग हाय म्हनून?"

"बोलण्याच्या ओघात म्हटलं."

"मग लाल कशापायी केलास?"

"धोका आहे म्हणून."

"मग? शेंदूर तरी कशापायी लावत्यात?"

बाकीचे दगड तिने सोडून दिले आहेत. हाच धरला, मोठा. मी कपाळाला हात लावला. सौ. पदराआड हसत होती. एका अर्थी बरंच आहे म्हणा. देवावर कुणी पहार मारत नाही.

२२ ऑक्टोबर, रविवार.

वडार नाहीच. सगळे दुष्काळी कामावर खडी फोडतायत. दोनदा सायकलने जाऊन आलो. एक म्हातारा भेटला, म्हणाला, "सरकारी खडी सोडून तुमचा एक धोंडा फोडायला कोन येतंय, मालक?"

स्वतः छिन्नी लावावी तर दगड काढावा लागेल. दगड काढला तर म्हातारी. आणि गेनूभाऊ विचारणार, काय करतोस? काय सांगू?

ती रोज सकाळी आंघोळीच्या पाण्यातलं एक तांब्या पाणी राखून त्या दगडावर घालते. एवढ्या टंचाईत. कुसुम कुरकुरते. मीही म्हटलं, "आई, दगडाला काय तहान लागते?" म्हणाली, "तुला काय करायचंय? माज्या वाटचं घालते."

११ फेब्रुवारी १९७३, रविवार.

कुसुमचं जमलं. मुलगा कोल्हारचा, घरची शेती. वैशाखात बार. गेनूभाऊ पेढा घेऊन आला. म्हणाला, "नाना, मांडव दारातच घालनार. तुजं दोन दिवं लागतील." मी म्हटलं, दोन काय, चार देतो. मांडवात माझ्या लायनीवरचे दिवे. फार बरं वाटलं.

मग आत येऊन बसलो आणि एकदम आठवलं. मांडव म्हणजे डांब. डांब म्हणजे खड्डे.

४ एप्रिल, बुधवार. पाडवा.

गेनूभाऊने मागच्या वर्षीपेक्षाही उंच गुढी उभारली. मुद्दाम. वर नुसतं आभाळ. गल्लीतली माणसं जाता-येता बघत होती. एकाला गेनूभाऊ सांगत होता, "आमच्या नानानं वायर पार पाताळात घातली."

पाताळात.

मी लिंबाचा पाला खाल्ला तेव्हा सौ. माझ्याकडेच बघत होती.

६ मे, रविवार.

गेनूभाऊने विचारलं, "मांडवाचं डांब कुठं खांदू?" मी रेघ आखून दिली: केबल इथून, डांब इकडे आणि तिकडे, मधली पट्टी सोडायची. कारण विचारलं तर सांगणार होतो की देवाची वाट मोकळी ठेव. त्याने विचारलं नाही. "तू म्हनशील तसं." मेढ, म्हणजे मांडवाचा पूजेचा पहिला डांब, फाटकाजवळ ठरली. तिथे अडीच फूट पुरते आहेत. मी स्वतः मापलेले.

निभावलं. लग्न झालं की काहीही करून खडकाचं बघायचंच.

९ मे, बुधवार.

निभावलेलं नाही.

सकाळी म्हातारीने सांगितलं, पहिली मेढ देवापाशी रोवायची. "अंगनात देव असताना फाटकाशी कशाला जायचं?" मी म्हटलं, फाटकाशी ठरलंय, गुरुजींनीही तेच सांगितलं. म्हणाली, "गुर्जी नगरहून येनार, त्यास्नी काय ठावं आमचा देव?" गेनूभाऊकडे बघितलं. तो आईपुढे बोलत नाही. मला म्हणाला, "काय हुतंय नाना? वायर तर अडीच फूट खाली हाय. मेढीला हातभर खड्डा बास."

शब्द माझेच. त्याने जसेच्या तसे जपून ठेवले आहेत.

मी म्हटलं, "तिथे दगड लागेल खाली, खणायला त्रास."

"खर्ड्याचा मामा येतोय कुसुमचा. त्यो दगड फोडून पानी काढंल."

मामाला ओळखतो. दरवाजात मावत नाही. पहार म्हणजे त्याच्या हातात टाचणी.

फरशी एक घाव सोसेल. विटा दुसरा. तिसरा...

आमच्या बाजूचा मेन स्विच बंद करून उपयोग नाही, तो मीटरच्या पुढे. केबल खांबापासून जिवंतच. ती बंद करायची तर खांबावरचा फ्यूज काढावा लागतो, आणि तो अधिकार कासमभाईचा. अर्थिंगचा भरवसा धरावा तर जमीन अशी सुकलेली की खड्ड्यात पाणी ओतलं तरी तासात कोरडी.

सौ. म्हणाली, "आज जाऊन सांगून या. एक वाक्य आहे."

खरंच एक वाक्य आहे. कपडे घालून निघालो, त्यांच्या दारापर्यंत गेलो. आत कुसुमला हातभर बांगड्या भरत होत्या, बायका हसत होत्या. गेनूभाऊ बाहेर येऊन म्हणाला, "ये की नाना. बघ रं कोन आलंय, आपल्या मांडवाचा इंजिनेर." सगळ्यांनी बघितलं.

चहा घेऊन परत आलो.

१० मे, गुरुवार.

कासमभाईला गाठलं. मेढीचा मुहूर्त उद्या सकाळी नऊचा. म्हटलं, पावणेनऊला आमच्या खांबावरचा फ्यूज काढायचा, साडेनऊला घालायचा. कुणाला सांगायचं नाही.

"वजह?"

"मीटरचं काम आहे."

त्याने विडी पेटवली, माझ्याकडे बघितलं. मीटरला सील असतं. ते मी उघडत नाही हे तो जाणतो. पण म्हणाला, "ठीक है नाना. तुम्ही बोलताय तर."

ही योजना बरोबर आहे. प्रवाह बंद म्हणजे धोका नाही. पहार लागली तर फक्त केबल जाईल, माणूस नाही. केबल गेली तर जाऊ दे. दहादा तपासून बघितलं, चूक सापडत नाही. मग जेवण का जात नाही?

११ मे, शुक्रवार.

जसं झालं तसं लिहितो.

साडेआठला त्यांच्या अंगणात वाजंत्री ऐकली. घड्याळ बघितलं. धावत गेलो. गुरुजींना दुसरीकडे अजून एक लग्न, म्हणून मुहूर्त अलीकडे घेतला होता. पाच सुवासिनींनी मेढीला सूत गुंडाळलं होतं, आंब्याचा डहाळा बांधून झाला होता. मामाने सदरा काढून खांद्यावर टाकलेला, हातात गेनूभाऊची पहार. जागेवर कुंकू टाकलेलं. दगडाला लागून, वीतभर अंतरावर.

गल्लीच्या तोंडाकडे बघितलं. कासमभाई नाही, शिडी नाही. खांब तसाच.

"थांबा," म्हटलं. वाजंत्र्यात कुणाला ऐकू गेलं नाही. मामाने पहार उचलली.

मी जाऊन दगडावर बसलो. कुंकवाच्या जागेवर पाय ठेवून.

वाजंत्री बंद पडली. बायका "अगं बाई" म्हणाल्या. म्हातारी काठी घेऊन पुढे आली, "ऊठ मुडद्या! देवावर बसतूस?" मामा म्हणाला, "ह्यो कोन बाबा? मानपान ऱ्हायलाय का ह्याचा?" कुणीतरी हसलं.

"इथे नको खणू," मी म्हणालो.

गेनूभाऊ जवळ आला. हळू बोलला, मला सांभाळून घेत. "नाना, मानसं बघत्यात. काय झालं?"

"खाली केबल आहे."

"हाय की. अडीच फूट."

"इथे नाही. इथे खडक लागला. इथे फूटभरसुद्धा नाही."

मामाने पहार खाली टेकवली. नाही, टेकवलीही नाही. हवेतच धरून दोन पावलं मागे गेला आणि मग लांब नेऊन आडवी ठेवली. कुसुम दारात उभी होती, हळदीच्या लुगड्यात. मला पाडव्याचा कळक आठवला. तिलाही आठवला असावा.

  गेनूभाऊच्या चेहऱ्यावरून मला वाटत होतं की अजूनही तो हिशोब लावतोय: नानाला आत्ताच कळलं असेल, म्हणून धावत आला.

तेवढ्यात शिडी खांद्यावर घेऊन कासमभाई फाटकात. घाईने आलेला, वेळेवरच आलेला. "नाना, पावणेनऊ. फ्यूज काढू ना? मेढ खांदणार होते ना इथे?"

मी त्याला मीटरचं सांगितलं होतं. पण तो काही आंधळा नाही. मांडवाची तयारी बघत बघतच आला.

गेनूभाऊने कासमभाईकडे बघितलं, शिडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"म्हंजी तुला म्हाइत हुतं."

मी मान हलवली.

"कवापासनं?"

"टाकली तेव्हापासून."

"आन तू मला सांगन्यापरास खांबावर मानूस चढिवनार हुतास."

मी दगडावरच बसून होतो.  

गुरुजी म्हणाले वेळ टळतेय. कुणी हलेना. मग म्हातारी म्हणाली, "मेढ फाटकाशी घ्या. चला, वाजवा रं." आणि माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं: "देवानंच बसिवला त्याला. न्हाईतर ह्यो नाना जल्मात कुनाच्या म्होरं खाली बसलाय व्हय?"

बायका हसल्या. मी उठलो. धोतराला मागून कुंकू लागलं होतं, ते घरी आल्यावर सौ.ने दाखवलं.

१२ मे, शनिवार.

मांडवाचं छत बांधून झालं. माझ्याकडचे चार दिवे, वायर, होल्डर परवाच नेऊन ठेवले होते. आज दुपारी कुसुमचा धाकटा चुलता टोपलीत घालून परत आणून ठेवून गेला. "भाऊ म्हनले, बत्त्या आनल्यात भाड्यानं."

टोपलीतली वायर मी जशी गुंडाळली होती तशीच होती. सोडूनही बघितली नव्हती.

१३ मे, रविवार.

लग्न लागलं. गोरज. आम्ही दोघं गेलो. अक्षता टाकल्या. गेनूभाऊने सौ.ला "वहिनी, जेवून जा" म्हटलं. मला पानावर कुसुमच्या मामाने बसवलं. वाढणारे वाढत होते, गेनूभाऊ पंगतीत आग्रह करत फिरत होता. माझ्या पानापाशी आला, बुंदीचं ताट पुढे केलं, पुढे गेला.

गॅसबत्त्यांचा उजेड पांढरा आणि फुसफुसणारा. माझ्या घरातला बल्ब त्यांच्या अंगणातून दिसत होता. मी तो घरून निघताना घालवायला हवा होता.

कासमभाई पंगतीत शेजारीच. म्हणाला, "नाना, मला खरं बोलला असतात तर मी आठलाच आलो असतो." मी जेवत राहिलो.

१४ मे, सोमवार.

पाहुणे गेले. कुसुम सकाळच्या गाडीने कोल्हारला. निघताना तिने तुळशीला हात जोडले, दगडालाही. मला वाकून नमस्कार केला. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

नंतर दार उघडलं तर उंबऱ्याशी, भिंतीला टेकवून, गेनूभाऊची पहार उभी. तो सायकल काढून ड्युटीवर निघाला होता. मी हाक मारली. त्याने सायकल थांबवली नाही.

सौ. बघून म्हणाली, "म्हणजे खडक फोडा म्हणतोय, का केबल काढून न्या म्हणतोय?"

मला कळत नाही. दोन्हीला पहार तीच लागते.

तार्किकदृष्ट्या: काढून न्यायची असती तर म्हणाला असता, काढ. खडक फोडायचा असता तर स्वतः पहिला घाव घातला असता, तो तसाच माणूस आहे. तेव्हा तर्क चालत नाही. जुन्या तारांचं वेटोळं माळ्यावर आहे. भिंतीवर ब्रॅकेट अजून आहे. एका दिवसात सगळं पुन्हा वर चढेल, त्यांच्या डोक्यावर. किंवा माझ्या घरात कंदील.

म्हातारी अंगणात आली. तांब्यातलं पाणी दगडावर घातलं. मी इकडे उभा आहे हे तिला दिसत होतं. दगडाला म्हणाली, की मला म्हणाली, देव जाणे: "ऱ्हायचं आसंल तर नीट खाली ऱ्हावं."

पहार उचलून बघितली. जड आहे. तो ती उभी धरून सोडतो कसा, मला जमलं नाही. परत होती तशी टेकवली.

गेनूभाऊ पाचला येतो. दुकान लवकर बंद करून त्याच्या दारात जाऊन बसणार. काय बोलायचं ते मुद्दे काढून कागदावर लिहायला घेतलं. खडकाची लांबी, छिन्नीचं काम, किती दिवस. सौ.ने चहा ठेवता ठेवता वाचलं.

"हे नेऊ नका," म्हणाली. "आणि मापायची टेपसुद्धा नेऊ नका."

टेप सदऱ्याच्या खिशातून काढून फळीवर ठेवली. साडेचार होत आले. निघतो.